आरएसी, एथिक्स, व्हायवा: बेळगाव भागातल्या बायोमेडिकल पीएचडीवाल्यांसाठी

पीएचडी लांबते ती बहुधा कागदांत. सल्लागार समितीची (आरएसीची) मिटिंग झाली पण इतिवृत्त निघालं नाही, एथिक्सच्या (संशोधनाची नीती तपासून मंजुरी देणाऱ्या कमिटीच्या) पत्रावर एक शीर्षक आणि रजिस्ट्रेशनच्या पत्रावर दुसरंच, समितीतले एक सर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कोण हे कोणी ठरवलंच नाही, अशा गोष्टींत अख्खं वर्ष निघून जातं. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या पट्ट्यात काम करणाऱ्यांना त्यात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एकाच ओपीडीत कानडी, मराठी, उर्दू बोलणारे पेशंट असतात, आणि राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर असते.

आधी नियमांचं बघू. रजिस्ट्रेशन केएलईच्या अभिमत विद्यापीठात असो, बेंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठात असो की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, वरचा सांगाडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएचडी विनियमांचा. समितीत किती माणसं, परीक्षकांच्या पॅनेलवर किती नावं, कुठली फी कधी, हे मात्र ज्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशात असतं. तो अध्यादेश डाउनलोड करून पहिल्याच आठवड्यात वाचून काढा. सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका; तो २०१६ च्या विनियमांखाली आलेला असू शकतो. थिसिस देण्याआधी एक शोधनिबंध छापलेला असलाच पाहिजे ही अट २०१६ ला होती, २०२२ ला यूजीसीने काढली. पण विद्यापीठ ती स्वतःच्या अध्यादेशात ठेवू शकतं, तेव्हा "यूजीसीने काढलीय" हा युक्तिवाद पीएचडी सेक्शनच्या खिडकीवर चालत नाही.

गाइड ठरवताना

गाइडकडे जागा आहे का हे आधी बघा. प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएट प्रोफेसरला ६ आणि असिस्टंट प्रोफेसरला ४ स्कॉलर घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिली असतील तर नवा स्कॉलर घेता येत नाही. आधी घेतलेल्यांचं निवृत्तीनंतर ते को-गाइड म्हणून बघू शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. "सर, तुम्ही रिटायर कधी?" असं तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. हीच माहिती पीएचडी सेक्शनच्या क्लार्ककडे मिळते, तिथं विचारा.

नोकरी करत पार्टटाइम करणाऱ्यांना (आपल्याकडे नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी कॉलेजांतले बरेच शिक्षक यात येतात) संस्थेची एनओसी लागते. "आमची हरकत नाही" एवढ्या एका ओळीवर भागत नाही. पार्टटाइम करायला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे अभ्यासाला वेळ मिळतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ, अशा तिन्ही गोष्टी तीत लिहिलेल्या हव्यात.

समितीत कोण असावं

रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली आरएसी. काही विद्यापीठांत तिला डॉक्टोरल कमिटी म्हणतात. गाइड तिचा निमंत्रक. विषय आणि आराखडा पक्का करणं, कोणते कोर्स करायचे ते सांगणं आणि वेळोवेळी प्रगती बघणं ही तिची कामं.

सदस्य नेमतं विद्यापीठ, पण नावं बहुतेक ठिकाणी गाइड सुचवतात, आणि गाइड तुम्हाला विचारतातच. तेव्हा "आपल्याच डिपार्टमेंटचे, ओळखीचे, त्रास न देणारे" अशी नावं पुढे करायचा मोह होतो. त्रास न देणारी समिती तीन वर्षं गोड वाटते. मग जो प्रश्न पहिल्या मिटिंगला यायला हवा होता तो बाहेरचा परीक्षक रिपोर्टात लिहितो, आणि तोवर सॅम्पल संपलेले असतात. तुमच्यात आणि गाइडमध्ये मिळून जे नाही, ते ज्याच्याकडे आहे असा माणूस घ्या. गाइड फार्माकॉलॉजीचे आणि काम डायबेटिसच्या पेशंटवर असेल, तर मेडिसिनचा एक माणूस हवाच. पेशंट कुठून येणार, कोण गळणार, हे त्यालाच माहीत असतं. काम वनौषधींवर असेल तर वनस्पती ओळखून हर्बेरियम नमुन्याला (वाळवून जपलेल्या झाडाला) नंबर देणारा कोणीतरी जवळ हवा. बेळगावात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था, एनआयटीएम, नेहरूनगरातच आहे. अशा विषयाला बाहेरचा सदस्य शोधायला पुण्या-बेंगळुरूला जावं लागत नाही.

स्टॅटिस्टिक्सचा माणूस सदस्य म्हणून मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निमंत्रित म्हणून पहिल्या मिटिंगला बोलवा. शेवटी एक्सेलची फाइल घेऊन त्याच्याकडे गेलात तर तो काय चुकलं एवढंच सांगू शकतो.

एखाद्या सदस्याची बदली झाली, कोणी परदेशी गेलं, कोणी वारलं, की त्याच महिन्यात बदली सदस्यासाठी गाइडच्या सहीने अर्ज द्या. अपुऱ्या समितीने घेतलेली मिटिंग सबमिशनच्या वेळी अडते.

पहिली मिटिंग

सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा, ८-१० पानांचं असू द्या, आणि मिटिंगच्या किमान आठ दिवस आधी सदस्यांच्या हातात द्या. सकाळी मेल आणि दुपारी मिटिंग असं केलं की सदस्य फक्त स्पेलिंगच्या चुका काढतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो नमुना-संख्येवर, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची यावर, आणि जावाच. समजा तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांमध्ये श्वसनाचा एखादा त्रास किती आहे हे निपाणीत बघायचंय. प्रमाण ३० टक्के धरलं, चुकीची मुभा ५ टक्के आणि विश्वासपातळी ९५ टक्के, तर सूत्राने ३२३ येतात. दहा टक्के नकार देतील असं धरलं तर ३५९. इथवर सगळे येतात. पुढचा प्रश्न असतो: "हे ३० टक्के कुठून आणले?" दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या, दुसऱ्याच धंद्यातल्या लोकांवरच्या अभ्यासातून आणले असतील तर टिकत नाहीत. प्रमाण २० टक्के निघालं तर तीच संख्या २४६ वर येते. आणि बायका सुट्यासुट्या न निवडता वखारी किंवा गल्ल्या निवडून त्यातल्या सगळ्या घेणार असाल, तर डिझाइन इफेक्ट (एका गटातली माणसं एकमेकांसारखी असतात म्हणून संख्या वाढवणारा गुणक) लावावा लागतो. तो दीड धरला तर ३२३ चे ४८५ आणि नकार धरून ५३९ होतात. ३५९ आणि ५३९ मधला फरक म्हणजे फील्डवरचे कित्येक महिने आणि किटचा खर्च. हा हिशेब पहिल्या मिटिंगच्या इतिवृत्तात, सूत्रासकट आणि संदर्भासकट, आलाच पाहिजे.

याच मिटिंगला कोर्सवर्क ठरतं: किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा कोर्स सक्तीचा, आणि ५५ टक्के मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

एथिक्सचा रस्ता

आरएसीने आराखडा मान्य केला म्हणजे काम सुरू करता येतं असं नाही. माणसांवरचं काम संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे, म्हणजे आयईसीकडे जातं. प्राण्यांवरचं आयएईसीकडे, म्हणजे प्राण्यांसाठीच्या एथिक्स कमिटीकडे, फॉर्म बी हा ठरलेला अर्ज भरून. जनुकीय बदल केलेले जीव वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीकडेही. एकाच थिसिसमध्ये उंदीर आणि पेशंट दोन्ही असतील तर दोन अर्ज वेगवेगळे, आणि एक मंजुरी दुसरीच्या जागी चालत नाही. उपचाराची ट्रायल असेल, मग ती गोळीची असो, व्यायामाची असो की काढ्याची, पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलींच्या ऑनलाइन नोंदवहीवर, नोंद झालेली हवी. २०१८ च्या एप्रिलपासून तिथं मागाहून नोंद घेत नाहीत. नोंदणीला पैसे लागत नाहीत, पण शंका-उत्तरांत काही आठवडे जातात, ते धरून चाला. परदेशी प्रयोगशाळेबरोबर काम किंवा परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची पायरी वेगळी.

क्रम असा ठेवा: आरएसी, मग एथिक्स, मग सीटीआरआय, मग पहिला पेशंट. एथिक्स कमिटी मागच्या तारखेची मंजुरी देत नाही. "पायलटचेच तर होते" म्हणून पत्राआधी घेतलेले दहा सॅम्पल थिसिसमध्ये घालता येत नाहीत, आणि पेपरमध्ये घातले तर जर्नल मंजुरीची तारीख विचारतंच.

अर्ज करण्यापूर्वी ती कमिटी नोंदणीकृत आहे ना हे बघा. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनंतर बायोमेडिकल संशोधन बघणाऱ्या कमिटीला केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंद करावी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि कोरमला (बैठक ग्राह्य धरायला) किमान ५ जण लागतात. तुमचे गाइड त्याच कमिटीवर असतील तर तुमच्या प्रस्तावावरच्या चर्चेच्या वेळी त्यांनी बाहेर बसायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहून घ्यायचं. हे लिहिलं गेलं नाही तर पुढे बोट दाखवायला जागा राहते.

संमतीपत्राच्या भाषा

इथं आपल्याकडचे प्रस्ताव हमखास परत येतात. इंग्रजी, कानडी, मराठी हे तीन तर लागतातच. बेळगाव शहरात किंवा निपाणीत काम असेल तर उर्दू किंवा हिंदीही. प्रत्येक भाषेतलं माहितीपत्रक वेगळं, संमतीपत्र वेगळं, आणि प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख. मराठी घरातल्या मुलामुलींची अडचण कानडीची होते. बोलता येतं, पण "संशोधनातून केव्हाही बाहेर पडू शकता, तुमच्या उपचारावर परिणाम होणार नाही" हे बिनचूक लिहिता येत नाही. मग फोनमधल्या भाषांतरावर काम उरकलं जातं, आणि कमिटीतला सामान्य माणसांचा प्रतिनिधी पहिल्याच परिच्छेदाला अडतो. पद्धत अशी: एकाने इंग्रजीतून कानडी करायचं, मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्याने त्या कानडीचं परत इंग्रजी करायचं, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून फरक दुरुस्त करायचे आणि दोघांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडायचं. मराठीचंही तसंच करा. मराठी आपलीच म्हणून सूट नाही. पुण्यातून उचललेलं तयार मराठी संमतीपत्र खानापूरच्या आजीला वाचून दाखवलं तर निम्मं तिच्या डोक्यावरून जातं. "५ मिली शिरारक्त संकलित केले जाईल" असं लिहू नका. "हाताच्या शिरेतून एक छोटा चमचाभर रक्त घेऊ" असं लिहा. चहाचा चमचा ५ मिलीचाच असतो.

सही येत नसेल तर अंगठा, आणि सोबत तटस्थ साक्षीदाराची सही. साक्षीदार वाचता येणारा हवा, आणि तुमच्या टीममधला नको. वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटचा नातेवाईक चालतो, प्रोजेक्टचा टेक्निशियन चालत नाही. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती तर हवीच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्याहून मोठ्याची, १८ पर्यंत, लेखी अनुमती.

हद्दीपलीकडचे पेशंट

चंदगड, गडहिंग्लजकडचा माणूस बेळगावच्या हॉस्पिटलात आला आणि तुम्ही त्याला तिथंच अभ्यासात घेतलं, तर तुमच्या आयईसीच्या मंजुरीवर भागतं. फॉलोअपसाठी त्याच्या गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन बसणार असाल तर गोष्ट बदलते. ते केंद्र कोल्हापूर जिल्हा परिषदेकडे आहे, परवानगी तिथल्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लागते, आणि आयईसीच्या अर्जात ते ठिकाण आधीपासून लिहिलेलं असावं लागतं. मंजुरी फक्त अर्जात लिहिलेल्या ठिकाणांपुरती असते. कर्नाटकच्या बाजूला बेळगावचं डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) ऑफिस, मग टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी), मग पीएचसीचे डॉक्टर, असा कागद खाली उतरतो. अर्ज कानडीत दिला तर लवकर उतरतो, हे व्यवहार म्हणून लक्षात ठेवा. दोन्हीकडच्या रजिस्टरांचे रकाने आणि भाषा वेगळ्या असल्यामुळे माहिती भरायचा फॉर्म एकच ठेवा आणि नोंद कुठल्या रजिस्टरमधून घेतली यासाठी त्यात एक रकाना ठेवा.

फील्डच्या वेळापत्रकावर आरएसीत कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून ते तुम्हीच मांडा. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जून ते सप्टेंबर घरोघर फिरणं जवळजवळ अशक्य. चिकोडी, अथणी, हुक्केरी भागात उसाचा हंगाम चालू झाला की कष्टकरी माणूस दिवसा घरी सापडत नाही. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीच्या यल्लम्मेला माणसं जातात, त्या आठवड्यात फॉलोअपच्या तारखा देऊ नका. बारा महिन्यांचं काम कागदावर बसतं, प्रत्यक्षात सात-आठ महिन्यांचंच होतं.

दर सेमिस्टरची मिटिंग

२०२२ च्या विनियमांप्रमाणे दर सेमिस्टरला आरएसीपुढे प्रेझेंटेशन आणि छोटा लेखी अहवाल द्यायचा असतो. वीस मिनिटं, बारा-पंधरा स्लाइड. पहिली स्लाइड मागच्या मिटिंगच्या सूचना आणि त्यांचं काय केलं याची असावी. मागचं सगळं पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नका. दुसरी स्लाइड आकड्यांची: ठरलेले किती, भेटलेले किती, नकार किती, गळलेले किती. सॅम्पल साठवत असाल तर उणे ८० अंशाच्या फ्रीझरची तापमान नोंदवही सोबत न्या. लाइट गेल्यावर काय केलं हा प्रश्न आज नाही तर व्हायव्हाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, येतो.

आता इतिवृत्त. "प्रगती समाधानकारक" एवढं लिहून सह्या होतात, आणि सगळे खूश होतात. त्या ओळीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. दोन वर्षांनी नवा सदस्य येऊन विचारतो, "सहा महिन्यांचा फॉलोअप तीनवर का आणला?" तेव्हा दाखवायला असा ठराव हवा: "पहिल्या ६० पेशंटपैकी २२ जण सहाव्या महिन्याला आले नाहीत. फॉलोअप ३ महिन्यांचा करण्यास समितीची मान्यता. मुख्य निष्कर्ष-मापन तेच राहील. आयईसीकडे दुरुस्ती अर्ज १५ दिवसांत. जबाबदारी: स्कॉलर." मसुदा तुम्हीच तयार करा, दोन दिवसांत गाइडना द्या, आठवड्याच्या आत सह्या घ्या. महिना उलटला की कोण काय म्हणालं ते कोणालाच आठवत नाही, आणि जे आठवतं ते प्रत्येकाचं वेगळं. ठराव झाला तरी आयईसीचं दुरुस्ती-पत्र येईपर्यंत जुनाच फॉलोअप चालू ठेवायचा.

पेपरवर कोणाची नावं, कुठल्या क्रमाने, हेही याच मिटिंगला काढा. मशीन वापरू दिलं म्हणून लेखक होत नाही. त्यांचे आभार मानायचे. हे पहिल्या वर्षी बोलायला अवघड वाटतं, चौथ्या वर्षी भांडण होतं.

समितीने सुधारणा सुचवल्या आणि त्या झाल्याच नाहीत, तर कारणं लिहून रजिस्ट्रेशन रद्द करायची शिफारस करायचा अधिकार तिला आहे. सहसा कोणी त्या थराला जात नाही. पण गाइडशी बिनसलं असेल तर तुमच्या बाजूने उभा राहणारा पुरावा म्हणजे सह्या असलेली इतिवृत्तं आणि तारखेसकट मेल. फोनवर ठरलेलं त्याच संध्याकाळी मेलवर टाकत जा: "सर, आज ठरल्याप्रमाणे..."

मुदत

किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, प्रवेशाच्या तारखेपासून, कोर्सवर्क धरून. त्यापुढे री-रजिस्ट्रेशन करून २ वर्षं मिळू शकतात. स्त्रिया आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी २, म्हणजे एकूण १० पर्यंत. बाळंतपण आणि बालसंगोपनाची रजा पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत. लग्न होऊन कोल्हापूर, पुणे, गोव्याकडे गेलेल्या मुलींना डेटा नव्या विद्यापीठाकडे नेता येतो. अट एवढीच की ते काम मूळ संस्थेच्या किंवा गाइडच्या निधी मिळालेल्या प्रोजेक्टचा भाग नसावं. तुमची फेलोशिप अशा प्रोजेक्टमधून असेल तर हे आधीच बघून ठेवा.

प्री-सबमिशन आणि साम्य तपासणी

थिसिसचा मसुदा झाला की आरएसीपुढे प्रेझेंटेशन. ते डिपार्टमेंटच्या इतर शिक्षकांना आणि स्कॉलरांनाही खुलं असतं. इथं आलेल्या सूचना थिसिसमध्ये कुठल्या पानावर घेतल्या याचा तक्ता करा. या टप्प्याला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे शीर्षक. रजिस्ट्रेशन, आयईसी, सीटीआरआय आणि मुखपृष्ठ, चारही ठिकाणी ते अक्षरशः एक हवं. बदलायचं असेल तर आरएसीच्या ठरावाने, विद्यापीठाच्या पत्राने आणि आयईसीला कळवून, तेही सबमिशनच्या बऱ्याच आधी.

साम्याचे, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो याचे, टप्पे यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर देताच येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य वाक्यांश यातून वगळतात. आकडा फुगतो तो बहुधा पद्धतीच्या प्रकरणात, कारण एलायझाच्या (प्रयोगशाळेतल्या एका चाचणीच्या) किटमधली सूचना सगळे जशीच्या तशी उतरवतात. स्वतःचा छापलेला पेपरही साम्यात येतो. तो वगळायचा असेल तर विद्यापीठाच्या नमुन्यात गाइडचं प्रमाणपत्र जोडा. तपासणी बाइंडिंगच्या आधी करा. सोनेरी अक्षरं छापून झाल्यावर परत मजकूर बदलायला लागलेले कमी नाहीत.

परीक्षक आणि व्हायवा

थिसिस गाइड आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात. पॅनेलवर ज्यांच्याबरोबर तुम्ही किंवा गाइडने अलीकडे पेपर लिहिलाय त्यांची नावं घालू नका. नाव देण्याआधी त्या माणसाचा मेल चालू आहे ना, तो अजून त्याच संस्थेत आहे ना, हे गाइडना बघायला सांगा. सबमिशनपासून सहा महिन्यांत सगळं संपावं असा नियम आहे, आणि तो मोडतो तो बहुतेक वेळा न उघडलेल्या मेलमुळे. दोनपैकी एकाने नाकारलं तर थिसिस पॅनेलवरच्या तिसऱ्याकडे जातो. त्यानेही नाकारलं तर संपलं.

रिपोर्ट आले की प्रत्येक शेऱ्याला एक ओळ, उत्तर आणि पान क्रमांक, असा तक्ता करून व्हायव्हाच्या आधी पाठवा. व्हायवा खुला असतो, ऑनलाइनही घेता येतो. बोर्डावर गाइड आणि बाहेरच्यांपैकी किमान एक जण. मूळ संमतीपत्रांची फाइल आणि प्रयोगवही टेबलावर ठेवा. फाइलमधल्या कुठल्याही एका नंबरचं संमतीपत्र काढून दाखवा म्हटल्यावर हात जागेवर जायला हवा. तुम्ही कानडीतलं काढलंत आणि परीक्षक मराठीभाषक असेल, किंवा उलट, तर भाषांतराचं ते प्रमाणपत्र तिथंच लागतं.

व्हायवा झाला की दुरुस्त प्रतीची पीडीएफ शोधगंगेसाठी (देशातल्या थिसिसांच्या ऑनलाइन संग्रहासाठी) द्यायची असते, आणि ती गेल्याशिवाय पदवी जाहीर होत नाही. देण्याआधी परिशिष्टं उघडून बघा: भरलेल्या संमतीपत्रांचे फोटो, पेशंटची नावं, आयपी (हॉस्पिटलात भरती झाल्याचा) नंबर असलेला मास्टर चार्ट (सगळ्या पेशंटच्या माहितीचा तक्ता) चुकून तसाच गेलेला असतो. कोरे नमुने आणि कोड नंबरचा चार्ट तेवढा ठेवा, बाकी काढा. लायब्ररी, लॅब आणि हॉस्टेलचं नो ड्यूज आधीच घेऊन ठेवलं असेल तर प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी फेऱ्या पडत नाहीत.